हिमहंसांच्या शिकारीतील ध्वनियंत्र : त्याचा परिणाम कसा मोजावा

पाणपक्ष्यांच्या शिकारीत ध्वनिमुद्रित आवाज वापरला की पक्षी जास्त मिळतात, हे सिद्ध करायला अभ्यासाची फारशी गरज नाही. कोणताही जुना शिकारी ते सांगेल. अवघड असते ते पुढचे. किती जास्त मिळतात, कोणते मिळतात, आणि ज्यांना बोलावलेलेच नाही असे पक्षी त्या आवाजाने जवळ येतात की दूर जातात, हे मोजण्यासाठी नीट आखलेली क्षेत्रचाचणी लागते. वन्यजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंवा अनुभवी पक्षीनिरीक्षकाने अशी चाचणी कशी आखावी, आणि दुसऱ्याने केलेली चाचणी कशी वाचावी, हे या लेखात उत्तर अमेरिकेतील स्नो गूज या पक्ष्याच्या उदाहरणाने मांडले आहे. मराठीत त्याला हिमहंस म्हणू.

आधी परवानगीची अट समजून घ्यावी

अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीचे नियम १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली केंद्र सरकार ठरवते. जिवंत पक्षी आमिष म्हणून बांधून ठेवण्यास आणि दाणे टाकून पक्षी गोळा करण्यास १९३५ साली बंदी आली. ध्वनिमुद्रित किंवा विजेवर मोठा केलेला पक्ष्यांचा आवाज वापरून शिकार करणेही याच नियमांत निषिद्ध आहे. तोंडाने फुंकायच्या शिट्टीवर मात्र बंदी नाही, कारण तिच्यात शिकाऱ्याचे कौशल्य आणि त्याचा दम या दोन्हींची मर्यादा असते.

या बंदीला १९९९ मध्ये अपवाद करण्यात आला. दक्षिणेकडील भात, मका आणि गव्हाच्या शेतांत हिवाळाभर मुबलक खाद्य मिळू लागल्याने मध्य खंडातील, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातील, हिमहंसांची हिवाळी गणना १९६९ मधील सुमारे ८ लाखांवरून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ३० लाखांच्या आसपास पोहोचली होती. हडसन उपसागराच्या काठावर, विशेषतः मॅनिटोबातील चर्चिलजवळच्या ला पेरूझ उपसागरात, हे पक्षी खाऱ्या दलदलीतील गवत मुळासकट उपटून खात. जमीन उघडी पडे, बाष्पीभवनाने तिच्यातील क्षार वाढत आणि तिथे पुन्हा गवत उगवत नसे. म्हणून हिमहंस आणि त्याचा लहान भाऊबंद रॉस हंस या दोन पांढऱ्या हंसांपुरती ध्वनियंत्राला मुभा मिळाली. त्याच वर्षी नियमाविरुद्ध खटला झाला, आणि नोव्हेंबरात संसदेने स्वतंत्र कायदा करून ती मुभा टिकवली. कॅनडानेही १९९९ च्या वसंतापासून विशेष हंगाम सुरू केला.

चाचणी आखणाऱ्याच्या दृष्टीने अपवादाची अटच महत्त्वाची आहे. अमेरिकेत ध्वनियंत्र वापरायचे तर त्या भागातील इतर सर्व पाणपक्ष्यांचा आणि क्रौंचांचा शिकारीचा हंगाम बंद असावा लागतो. पाळलेल्या शिकारी पक्ष्यांकरवी केलेली शिकार एवढीच त्यातून वगळली आहे. म्हणजेच लक्ष्येतर, म्हणजे ज्यांची शिकार करायची नाही अशा, पक्ष्यांना धोका असेल ही शक्यता नियम करणाऱ्यांनी गृहीत धरली, आणि मोजमापाआधी तिच्यावर कुंपण घातले. त्यामुळे शरद ऋतूतील खुल्या हंगामात बदकांवर या आवाजाचा परिणाम पाहायचा असेल, तर एक तर विशेष संशोधन परवाना काढावा लागतो, नाही तर बंदुकीविना चाचणी करावी लागते. मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. थवा बंदुकीच्या टप्प्यात आला की नाही हे पाहण्यासाठी गोळी झाडण्याची गरज नसते, आणि पहिल्या बारानंतर आसपासचे सगळेच पक्षी उधळल्याने पुढची अर्ध्या तासाची निरीक्षणे बिघडतात.

तुलना कशाशी करायची

बहुतेक कच्च्या चाचण्या इथेच फसतात. एका दिवशी यंत्र लावले, तीस पक्षी मिळाले. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवली, चार मिळाले. यावरून काहीही ठरत नाही. हंसांची हालचाल वारा, धुके, ढग आणि आदल्या दिवशी त्यांना कुठे हुसकावले गेले यांवर इतकी अवलंबून असते, की दोन दिवसांतला फरक दोन आवाजांतल्या फरकापेक्षा सहज मोठा भरतो. धुक्याच्या सकाळी थवे खालून उडतात आणि काही न वाजवताही टप्प्यात येतात.

म्हणून एकाच सकाळी, एकाच शेतात, थव्याला भुलवण्यासाठी शेतात ठेवलेल्या बनावट पक्ष्यांच्या त्याच मांडणीत आणि त्याच माणसांनी तीन प्रकारचे कालखंड आळीपाळीने घ्यावेत : ध्वनियंत्र, तोंडी शिट्टी आणि संपूर्ण शांतता. प्रत्येक कालखंड अर्ध्या तासाचा आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती, ही सोयीची रचना आहे. कोणता प्रकार आधी घ्यायचा हे दर सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. हा क्रम शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला, तर पहाटेच्या उड्डाणाची उत्तम वेळ तो हमखास आपल्या आवडत्या साधनाला देतो.

शांततेचा कालखंड शिकाऱ्यांना वाया गेल्यासारखा वाटतो आणि तो गाळण्यासाठी ते आग्रह धरतात. तो गाळू नये. लक्ष्येतर पक्ष्यांचा प्रश्न त्याच्याशिवाय सुटत नाही, कारण हजारभर बनावट पक्ष्यांची पांढरी चादर शेतात पसरली की एखादा बदकांचा थवा केवळ ती पाहूनही उतरू शकतो. शांततेतही बदके तितकीच आली, तर दोष मांडणीचा आहे, आवाजाचा नाही.

आवाज कोणता, किती मोठा, कुठून

एकच ध्वनिफीत सगळ्या सकाळी वाजवली, तर शेवटी जो निष्कर्ष निघतो तो त्या एका ध्वनिफितीबद्दलचा असतो, ‘ध्वनियंत्राबद्दलचा’ नसतो. पक्ष्यांना आवाज ऐकवून केलेल्या प्रयोगांतील ही चूक डोनाल्ड क्रूड्स्मा यांनी १९८९ मध्ये स्पष्टपणे दाखवून दिली होती, तरी ती अजून होत असते. वेगवेगळ्या थव्यांच्या, वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या आठ-दहा ध्वनिफिती जमवाव्यात आणि दर सकाळी त्यांतली एक सोडत काढून निवडावी. चरणाऱ्या थव्याचा गलबला, उतरतानाचा आवाज आणि घाबरून उठतानाचा आवाज हे तीन वेगळे संदेश आहेत. तिसरा ध्वनिफितीत अनवधानाने शिरला असेल, तर थवा जवळ येऊन ऐन वेळी वळतो आणि निरीक्षकाला कारण कळत नाही. ध्वनिफीत आधी पूर्ण ऐकून तो भाग काढून टाकावा.

आवाजाची पातळी यंत्राच्या बटणावरून लिहू नये. ध्वनिक्षेपकापासून एक मीटरवर ध्वनिमापकाने ती मोजावी आणि डेसिबलमध्ये नोंदवावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी साधारण ६ डेसिबलने घटते. त्या हिशेबाने एक मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज ६४ मीटरवर ७४ आणि ५१२ मीटरवर ५६ डेसिबलच्या आसपास उरतो. वाऱ्याने हा हिशेब बदलतो. वाऱ्याच्या दिशेने आवाज जमिनीलगत दूर जातो. वाऱ्याविरुद्ध तो वर वळतो आणि खाली ध्वनीची सावली पडते. हंस नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणजे ते ज्या बाजूने येतात त्याच बाजूला वारा आवाज वाहून नेतो. ध्वनियंत्राच्या यशात या योगायोगाचा मोठा वाटा असावा, आणि म्हणूनच वाऱ्याची दिशा व वेग दर कालखंडात लिहिणे आवश्यक आहे.

थवा हेच नोंदीचे एकक

निरीक्षकाने स्वतः बंदूक धरू नये. लपणात त्याची जागा वेगळी असावी आणि शेतात २०, ४०, १०० आणि ४०० मीटरवर आधीच खुंट्या ठोकलेल्या असाव्यात, कारण आकाशातील अंतराचा अंदाज डोळ्यांनी घेणारे बहुतेक जण चुकतात. लेझर अंतरमापक जवळ असल्यास उत्तम. चारशे मीटरच्या आत आलेला प्रत्येक थवा ही एक नोंद. त्यात जाती कोणत्या, संख्या अंदाजे किती, आणि थव्याने काय केले, हे लिहावे : सरळ निघून गेला, वळला पण लांब राहिला, की सुमारे ४० मीटरच्या बंदुकीच्या टप्प्यात आला. ‘आवाजाला प्रतिसाद दिला’ असे मोघम लिहू नये.

कोणता आवाज चालू आहे हे निरीक्षकाला ऐकू येतच असते, त्यामुळे त्याची नजर नकळत पक्षपाती होते. यावर साधा उपाय म्हणजे पूर्ण सकाळचे चित्रीकरण करून ठेवणे आणि नंतर, आवाज बंद करून, कालखंडांची माहिती नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून त्याच थव्यांची नोंद पुन्हा करून घेणे. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत, तर निष्कर्ष लिहिण्याआधी व्याख्या सुधारावी.

शिकारीसह चाचणी असेल तर ‘दर शिकाऱ्यामागे, दर तासाला किती पक्षी पडले’ हे माप वापरावे आणि जखमी होऊन न सापडलेले पक्षी वेगळ्या रकान्यात लिहावेत. हा रकाना बहुतेक नोंदवह्यांत रिकामा असतो, आणि तो रिकामा असण्याचे कारण जखमी पक्षी नव्हते हे नसते.

वय आणि अंगकाठी यांकडे दुर्लक्ष करू नये

हिमहंस दीर्घायुषी आहे. वीस वर्षांपेक्षा जास्त जगलेले पक्षी पायात घातलेल्या कड्यांवरून ओळखले गेले आहेत. दहा हिवाळे बंदुकांच्या मधून गेलेली मादी आणि पहिल्यांदाच दक्षिणेकडे उतरलेले पिल्लू एकाच आवाजाकडे सारख्याच कानाने ऐकत नाहीत. पहिल्या हिवाळ्यातील पिल्ले मळकट करड्या रंगाची असल्याने दुर्बिणीतून वेगळी ओळखता येतात. दर आठवड्याला चरणाऱ्या थव्यांतील पिल्लांचे प्रमाण मोजावे आणि ते विश्लेषणात घ्यावे.

लुईझियानात ओल्सन आणि ॲफ्टन यांनी केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रायोगिक शिकारींत ध्वनियंत्र लावले असता हिमहंस टप्प्यात येण्याची शक्यता तोंडी शिट्टीच्या सुमारे ५ पट, आणि दर शिकाऱ्यामागे ताशी मारलेल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ९ पट आढळली. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. त्याच अभ्यासातले दुसरे निरीक्षण मात्र वाचक वगळून जातात : स्थानिक थव्यांत प्रौढांचे प्रमाण जितके कमी, तितका ध्वनियंत्राला प्रतिसाद जास्त होता. म्हणजे ‘९ पट’ हा यंत्राचा गुणधर्म नव्हे. तो त्या हिवाळ्यातील, त्या थव्यांवरील परिणाम आहे. ज्या वर्षी आर्क्टिकमध्ये वीण फसते, त्या वर्षी तेच यंत्र बरेच कमी पक्षी आणेल.

शिवाय बनावट पक्षी मांडून मारलेल्या बदकांची अंगकाठी सरासरीपेक्षा रोडावलेली असते, हे मॅलार्ड बदकांच्या अभ्यासांतून माहीत आहे. भुकेला पक्षी जोखीम जास्त घेतो. हंसांबाबत तसेच असेल, तर यंत्राने टिपलेल्या पक्ष्यांपैकी काही हिवाळा पार न करणारेच होते, आणि एकूण संख्येवरचा परिणाम मेलेल्या पक्ष्यांच्या मोजणीपेक्षा कमी भरतो. हे तपासण्यासाठी शक्य असल्यास त्याच आठवड्यात जाळ्याने पकडून सोडलेल्या पक्ष्यांचे वजन तुलनेला घ्यावे.

ज्यांना बोलावले नाही, ते पक्षी

लक्ष्येतर पक्ष्यांना एकाच रकान्यात कोंबू नये. त्यांच्यात निदान तीन वेगळी प्रकरणे आहेत आणि तिन्हींची मोजणी वेगळी होते.

पहिले प्रकरण सोबत्यांचे. कॅनडा हंस आणि पांढऱ्या कपाळाचे हंस हिमहंसांच्याच शेतांत चरतात, कधी एकाच थव्यात उडतात. त्यांच्यासाठी हिमहंसांचा गलबला म्हणजे ‘इथे खाद्य आहे’ असाही संदेश असू शकतो आणि ‘इथे गर्दी आहे’ असाही. त्यामुळे मोजणी दोन्ही बाजूंनी करावी : शांततेच्या तुलनेत किती थवे जास्त आले एवढेच न पाहता किती कमी आले हेही पाहावे. आवाजाने जात दूर ढकलली जात असेल तर मारले जाण्याचा धोका कमी होतो, पण चरण्याची जागा जाते, आणि हा तोटा मृत पक्ष्यांच्या यादीत कधीच दिसत नाही. मिश्र थव्याची नोंद जातवार करावी. वीस हिमहंसांमागे आलेले दोन पांढऱ्या कपाळाचे हंस आवाजाला भुलले की सोबत्यांच्या मागे आले, हे ठरवण्यासाठी निव्वळ एका जातीचे थवे वेगळे काढून पाहावे लागतात.

दुसरे प्रकरण बदकांचे. तलवार बदक आणि मॅलार्ड भाताच्या व मक्याच्या शेतांत हंसांबरोबर उतरतात. वसंतात त्यांचा हंगाम बंद असतो, तेव्हा त्यांच्यावर गोळी झाडली जाणार नाही असे मानले तरी, विणीसाठी चरबी साठवण्याच्या ऐन दिवसांत वारंवार उठावे लागणे ही किंमत उरते. क्विबेकमध्ये मोठा हिमहंस (ग्रेटर स्नो गूज) या उपजातीच्या वसंतातील शिकारीनंतर त्या पक्ष्यांचीच चरबी कमी साठते आणि वीण मंदावते, असे संशोधकांना आढळले आहे. ज्या बदकांना कोणी मारतही नाही त्यांच्याबाबत हा प्रश्न विचारणे म्हणूनच रास्त आहे. यासाठी दर कालखंडात आसपासच्या पाण्यावरील बदके किती वेळा उठली आणि परत चरायला किती मिनिटांनी लागली, हे लिहावे.

तिसरे प्रकरण दुर्मीळ पक्ष्यांचे, आणि तिथे सांख्यिकी हात टेकते. व्हूपिंग क्रौंच हा पांढरा, उंच पक्षी १९४१ साली अवघ्या वीस-बावीसांवर आला होता. आज टेक्सासमधील अरान्सास येथे हिवाळा घालवणारा त्याचा वन्य समूह पाचशेच्या पुढे गेला आहे. मार्च-एप्रिलमध्ये तो नेब्रास्का आणि डकोटांवरून उत्तरेला जातो, नेमका हिमहंसांच्या विशेष हंगामात. समजा, तीनशे कालखंडांत एकदाही क्रौंच आला नाही. तरी ‘धोका शून्य’ असे लिहिता येत नाही. शून्य घटनांसाठी साधा नियम असा, की ३ ला निरीक्षणांच्या संख्येने भागले की ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. तीनशे कालखंडांसाठी ती १ टक्का भरते. पाचशे पक्ष्यांच्या समूहासाठी एक टक्का ही सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. अशा जातीबाबत मोजमापाऐवजी थांबण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा : क्रौंच किंवा राजहंस दिसताच आवाज बंद, बंदुका रिकाम्या, आणि तो पक्षी नजरेआड होईपर्यंत चाचणी स्थगित.

बंदूक निदान झाडण्यापूर्वी पाहू शकते. जाळे पाहत नाही. इजिप्तच्या उत्तर किनाऱ्यावर लाव्यांसाठी आणि सायप्रसमध्ये काळ्या टोपीच्या वटवट्यासाठी रात्री ध्वनिफिती वाजवून जाळी लावतात, तेव्हा त्यांत सापडलेल्या इतर पक्ष्यांची सुटका होणे अवघड असते. युरोपीय संघाच्या पक्षी निर्देशात ध्वनिमुद्रक हे निषिद्ध साधनांच्या यादीत, चिकट काड्यांच्या शेजारी, लिहिलेले आहे. उत्तर अमेरिकेतील निष्कर्ष अशा ठिकाणी नेऊ नयेत.

विश्लेषण आणि निष्कर्ष

एका सकाळी ऐंशी थवे नोंदले म्हणून नमुना ऐंशीचा होत नाही. एकाच वाऱ्यात, एकाच दलदलीतून उठलेले ते थवे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. खरा नमुना सकाळींचा आहे. म्हणून सकाळ हा गट धरून विश्लेषण करावे, आणि गुणोत्तराबरोबर त्याची खालची-वरची मर्यादाही द्यावी. तीन आठवड्यांत पंधरा चांगल्या सकाळी मिळाल्या तरी समाधान मानावे.

निष्कर्ष लिहिताना शेतातला परिणाम आणि लोकसंख्येवरचा परिणाम यांत गल्लत करू नये. ध्वनियंत्र शेतात ९ पट प्रभावी ठरले, तरी मध्य खंडातील प्रौढ हिमहंसांपैकी शिकारीत मारल्या जाणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण १९९९ नंतरही अवघे तीन-चार टक्क्यांच्या घरात राहिले आणि त्यांची संख्या पुढे कित्येक वर्षे वाढतच गेली. शिकारी मोजके होते, त्यांचे दिवस मोजके होते, आणि प्रत्यक्षातले पक्षी हिवाळी गणनेत दिसलेल्यांपेक्षा खूपच जास्त होते. कालांतराने ही वाढ थांबली तेव्हाही त्यामागे बंदुकीपेक्षा उत्तरेत पिल्ले कमी जगण्याचे कारण मोठे असल्याचे दिसते.

महाराष्ट्रात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पाणपक्ष्यांची शिकार गुन्हा आहे. पकडणे, फासे लावणे आणि आमिष दाखवणे हेही त्याच व्याख्येत येते, त्यामुळे वरील चाचणीचा शिकारीचा भाग इथे लागूच होत नाही. पण नांदूर मध्यमेश्वरच्या गवतात लपलेल्या पाणकोंबड्यांची गणना करताना किंवा छायाचित्रासाठी मोबाइलवर आवाज वाजवला जातो, तेव्हा तीच पद्धत कामी येते. आवाजाआधी तेवढाच वेळ शांततेत मोजणी करावी, आवाजाची पातळी आणि मिनिटे लिहावीत, ज्या जातीचा आवाज नव्हता तिचीही नोंद ठेवावी, आणि विणीच्या काळात एकाच जागी दुसऱ्यांदा आवाज वाजवू नये.